पत्र्याखालचे मास्तर

गिऱ्हाईक दुकानात शिरलं आणि "आय-सेव्हनचा कॉम्प्युटर द्या" म्हणालं की मास्तर हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवायचे आणि विचारायचे, "कोणत्या पिढीचा?"

माणूस गोंधळायचा. आमच्याकडं पिढी विचारली की लोकांना सोयरीक चाललीय असं वाटतं. एका गृहस्थांनी तर खरंच आपल्या आजोबा-पणजोबांची नावं सांगायला सुरुवात केली. मास्तरांनी ती सगळी शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, "बरं, तुमच्या आज्याचं नाव पोराला ठिवलंय का?"

"हाव, ठिवलंय की."

"मग नाव एकच झालं. पर गुडघे?"

गृहस्थांनी आपल्याच गुडघ्यांकडं पाहिलं.

"आज्याला शर्यतीत पळवता का? न्हाई नं? मग हा समोरचा दुकानदार तुम्हाला दुसऱ्या पिढीचा आय-सेव्हन देतोय, त्यो कशापायी घेता? नाव तेच हाय, गुडघे गेलेत त्याचे. आठव्या पिढीचा आय-फाइव्ह घ्या. त्यो नातू हाय. पोराला गेम खेळायचीय, आज्याची शांती न्हाई करायची."

लातूरला क्लासेसचा जो भाग आहे, तिथं एका रिकाम्या प्लॉटवर पत्र्याचं शेड होतं. त्याच्या एका अर्ध्यात मी प्रिंटर दुरुस्त करायचो, शाई भरायचो. दुसऱ्या अर्ध्यात मास्तर कॉम्प्युटर जोडायचे. मी मूळ नांदेडचा, बायकोच्या माहेरामुळं लातूरला आलेला. माझ्या बोलण्यात "करून राहिलो, जाऊन राहिलो" फार. मास्तर चिडवायचे, "भाई, सारखं राहिलो-राहिलो करू नका. राहायचं कुणाच्या हातात असतं?" तेव्हा मी हसायचो.

ते कधी कोणत्या शाळेत मास्तर नव्हते. पण समजावून सांगितल्याशिवाय वस्तू द्यायची नाही हा त्यांचा हट्ट, म्हणून सगळा बाजार त्यांना मास्तर म्हणायचा. बोटांना कायम ती पांढरी पेस्ट लागलेली असायची, प्रोसेसरवर लावतात ती. पूजेवरून नुकतेच उठून आल्यासारखे दिसायचे. आणि त्यांचं चालणं. एवढा उंच, हाडापेरानं मोठा माणूस, पण जमिनीखाली कुणीतरी झोपलंय आणि त्याला जागं करायचं नाही, असा पाय टाकायचा.

कॉम्प्युटर कसा निवडायचा हे त्यांच्याइतकं सोपं करून सांगणारा मी पाहिला नाही. "प्रोसेसर म्हंजे मुकादम," ते म्हणायचे. "गेममधलं खरं वझं ग्राफिक्स कार्ड उचलतंय, ते मजूर. तुम्ही सगळं बजेट मुकादमावर घातलं आणि मजूरच आणले न्हाईत, तर भिंत कोण बांधणार? आणि मजूर दणकट आणले, पर मुकादम झोपाळू, तर ते बसून राहतेत." मदरबोर्डचंही तसंच. "खाचा सारख्याच दिसतेत. पर आठव्या पिढीचा प्रोसेसर सातव्याच्या बोर्डावर बसवला तर चालू व्हत न्हाई. घर बघून सून आणावी लागती."

त्यांच्याकडचा प्रत्येक गेमिंग कॉम्प्युटर भर उन्हाळ्यात, भर दुपारी पत्र्याखाली तपासला जायचा. बाहेर डांबर वितळायचं आणि आत आम्ही. मास्तर डोक्यावर ओला पंचा टाकून, सगळ्यात जड गेम लावून, स्क्रीनच्या कोपऱ्यातला तापमानाचा आकडा बघत बसायचे. "हितं टिकला तर कुठंबी टिकंल." खरंच टिकायचे ते. पण मास्तरांना या भट्टीत बसायची गरज नव्हती. आजूबाजूला इमारती उठत होत्या, पहिल्या मजल्यावर चांगले गाळे मिळत होते. एकदा मालकानं किल्लीच आणून टेबलावर ठेवली. मास्तरांनी ती बोटानं हळूच परत सरकवली.

"हितं बरं हाय," ते म्हणाले. "वर कोण न्हाई, खाली कोण न्हाई."

जिना ते चढतच नसत. गिऱ्हाईक वरच्या मजल्यावर राहत असेल तर कॉम्प्युटर घेऊन मी जायचो आणि मास्तर रस्त्यावर उभे राहून फोनवर सांगायचे कुठली वायर कुठं. लोक म्हणायचे, भूकंपातला माणूस आहे, स्लॅब अंगावर पडेल म्हणून भितो. मलाही तसंच वाटायचं. त्यांचं गाव औसा-किल्लारीच्या पट्ट्यातलं. भूकंपानंतर एका संस्थेनं पत्र्याच्या शेडमध्ये तरुण पोरांना कॉम्प्युटर शिकवला, तिथं ते शिकले. एवढंच मला ठाऊक होतं. आमच्याकडं त्या वयाच्या माणसाला यापुढचं कुणी विचारत नाही.

आणि इकडं क्लासेसचं पेव फुटलं. मुरुड, अहमदपूर, भोकर, कुठून कुठून पोरं यायची. एका खोलीत चार-चार कॉट, मेसचे डबे, भिंतींवर पहिल्या आलेल्यांचे फोटो. ही पोरं आमच्या शेडच्या दाराशी उभी राहून तपासणीला लावलेली गेम बघत राहायची. कुणी आत बोलावलं तर निघून जायची.

बाप लोक पोराला घेऊन यायचे ते निकालानंतर, बक्षीस द्यायला. त्यांना वाटायचं सातात पाचापेक्षा दोन मार्क जास्त असतात. मास्तर बापाला माझ्याकडं चहाला पाठवायचे आणि पोराला विचारायचे, "काय खेळतोस?" बापासमोर हो-नाहीपलीकडं न बोललेलं पोरगं तासभर बोलत सुटायचं. मास्तर वैद्यानं दुखणं ऐकावं तसं ऐकायचे. मग ठरवायचे, याच्या गेमला लई डोकी लागत न्हाईत, एकच डोकं तल्लख पाहिजे. किंवा याच्या गेममध्ये एका वेळी लई माणसं पळतेत, याला सहा डोक्यांचा, सहा कोरचा द्या.

भोकरचा एक बाप कॉम्प्युटर घेऊन गेला आणि महिनाभरानं परत आणून ठेवला. "परीक्षा हुईपर्यंत तुमच्यापाशी राहू द्या, मास्तर. अभ्यासात लक्ष लागंना त्याचं." मास्तरांनी जपून ठेवला. परीक्षेच्या आधीच त्या पोराच्या हॉस्टेलवर पोलिसांची गाडी आली. पोरानं जीव दिला होता. बाप पुन्हा आला नाही, आणि मास्तरांनी तो कॉम्प्युटर कुणाला विकला नाही. अधूनमधून चालू करायचे, फॅन जाम होऊ नये म्हणून. त्यावर गेम तशीच अर्धी राहिलेली होती. त्यांनी ती पुढं खेळली नाही की पुसली नाही.

ज्या दिवसामुळं मास्तरांचं सगळं फिरलं, तो पावसाळ्याच्या शेवटी आला. आमच्या समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एका क्लासची कॉम्प्युटर लॅब होती. तिथं सराव परीक्षा चालू असताना मुख्य मशीन बंद पडलं. मी वर गेलो. मास्तर रस्त्यावरून सांगत होते, पण जनरेटरच्या आवाजात मला काही कळेना. क्लासचे संचालक खाली जाऊन त्यांच्यासमोर उभे राहिले. मी गॅलरीतून बघत होतो; ते काय म्हणाले ते मला नंतर कळलं.

"मास्तर, पोरं सकाळपासून उपाशी बसलीत. पेपर सुटल्याबिगर उठता येत न्हाई त्यांना."

मास्तरांनी मान वर करून इमारतीकडं बराच वेळ पाहिलं. मग चपला काढून जिन्याशी ठेवल्या आणि चढायला लागले. भिंतीला धरून, बोटांवर भार देत. लॅबमध्ये आले तेव्हा सगळा सदरा घामानं भिजला होता. पोरं एकमेकांना कोपरानं ढोसत होती. मास्तरांनी कुणाकडं पाहिलं नाही. मशीन उघडलं, चाचपलं, म्हणाले, "पॉवर सप्लाय गेलाय, दुसरा लावू." पाच-दहा मिनिटांचं काम.

तेवढ्यात जमीन गुरगुरली.

आमच्या भागात असे लहान धक्के अधूनमधून बसतात. पंखे झुलले, ट्यूबलाइट कलली, एक बाटली टेबलावरून घरंगळली. बस. पण माझ्या वयाच्या माणसांचे पाय आपोआप दाराकडं वळले. संचालक, शिक्षक, सगळे जिन्यात. पोरं मात्र भूकंपानंतर जन्मलेली. काही धावली, काही ओरडून हसत सुटली.

मास्तर धावले नाहीत. ते फरशीवर पालथे पडले. हातपाय पसरून, गाल फरशीला लावून, जणू स्वतःचं वजन सगळीकडं सारखं वाटून टाकायचं होतं. आणि फरशीला तोंड लावून हाका मारू लागले.

"आण्णा! आण्णा, ओ दे. मी उतरतो. आण्णा, हललो न्हाई मी, लगीच उतरतो. ओ दे की रं!"

धक्का केव्हाच थांबला होता. मी त्यांना उचलायला गेलो, तर माझ्या पायाला धरून म्हणाले, "पाय ठिवू नका भाई. खाली हाय त्यो." मागून एक पोरगं हसत होतं, "ए, बघ बघ, झोपलं येडं!" आणि त्याच्या हातात मोबाइल होता.

मी त्यांना जिन्यावरून बसत-बसत खाली आणलं. संध्याकाळपर्यंत व्हिडिओ लातूरभर फिरला होता.

दुसऱ्या दिवशी दुकानात वीज नव्हती. दोघं अंधाऱ्या शेडमध्ये बसलो होतो.  मास्तर आपणहून बोलू लागले, हातातल्या जुन्या प्रोसेसरवरची धूळ ब्रशनं झाडत.

"गणपती बुडवून आलो होतो. मी पोरांसंगं देवळाच्या ओट्यावरच निजलो. घरात आण्णा, माझा थोरला भाऊ, आन् वहिनी. दगडाच्या भिंती, वर मातीचं माळवद. उठून बघतो तर गल्लीच न्हाई. आमच्या घराच्या ढिगावर चढलो आन् आण्णाला हाक मारली. खालून ओ आली. विहिरीतनं यावी तशी. मग मी हातानं उकरायला लागलो. हाक मारायचो, ओ यायची. उन्हं वर आली तरी येत होती. मग बाहेरची माणसं आली काढायला. त्यातला एक वरडला, अरे उतर खाली, ज्याला हाका मारतोस त्याच्याच छातीवर उभा हायेस तू." ब्रश थांबला. "उतरलो. त्याच्यानंतर ओ आली न्हाई. त्यांनी उकरलं तर वहिनी हातभर बाजूला निघाली, तुळईच्या आडोशाला. बेशुद्ध, पर जित्ती. आण्णा बरोबर मी उभा होतो तिथं."

मी म्हणालो, "मास्तर, तुमच्या वजनानं काय होतंय? वर अख्खं घर पडलेलं."

"त्या अख्ख्या घरात त्यो ओ देत होता, भाई. माझ्या पायाखाली बंद झाला."

लोक समजत होते हा माणूस डोक्यावरच्या छपराला भितो. तो स्वतःच्या पायांना भीत होता.

व्हिडिओनंतर दिवस वाईट गेले. मोटरसायकलवरून जाणारी पोरं शेडपाशी हळू व्हायची आणि "आण्णा, ओ दे!" ओरडून निघून जायची. गिऱ्हाईक कमी झालं. येड्याकडनं मशीन कोण घेणार? मी एकदोघांच्या मागं धावलो, शिव्या दिल्या. मास्तर म्हणाले, "बसा हो. हाक मारून राहिलेत, मारू द्या." माझीच बोली त्यांनी वापरली, पण या वेळी चिडवण्यासाठी नव्हती.

पुढच्या उन्हाळ्यात अहमदपूरचे एक शिक्षक मुलाला घेऊन आले. मुलाला चांगले मार्क पडले होते. वडील भला माणूस. त्यांनी समोरच्या दुकानातला आय-सेव्हनचा भाव आणि तपशील कागदावर लिहून आणला होता आणि मास्तरांचं सगळं म्हणणं नीट ऐकलं. मुलगा दाराशीच उभा. वडील म्हणाले, "अरे, सांग की सरांना." तो म्हणाला, "काही पण चालेल."

आवाज ऐकला आणि मी ओळखला. 'बघ बघ, झोपलं येडं.' तोच.

मी मास्तरांना बाजूला घेतलं. "ह्याला तो जुना धोंडा द्या. चौथ्या पिढीचा. वर नवं स्टिकर लावून मी देतो."

"बापाला चहा पाजा," मास्तर म्हणाले.

मी चहा मागवला, पण कान तिकडंच होते. मास्तरांनी नेहमीसारखं विचारलं, "काय खेळतोस?"  मुलगा एकदम रडायला लागला. "सर, तो व्हिडिओ मी..."

"ठाऊक हाय." मास्तरांनी स्टूल पुढं सरकवलं. "बस. लोकांपाशी आलाय त्यो तुटका हाय. मी हाक मारली की लगीच बंद हुतोय. तुझ्यापाशी पूर्ण असंल नं?"

मुलानं मान हलवली.

"मला दाखव. मला बघायचा न्हाई, ऐकायचाय. मी हाका मारल्या त्याच्यानंतर खालून काही आलं का, एवढंच."

 त्यानं मोबाइल काढून दिला. मास्तरांनी हेडफोन लावले, डोळे मिटले आणि ऐकत राहिले. पुन्हा लावलं. पुन्हा ऐकलं. शिक्षक माझ्याशेजारी चहा पीत क्लासच्या फीबद्दल काहीतरी बोलत होते. शेवटी मास्तरांनी हेडफोन काढले.

"न्हाई," ते म्हणाले. "नुसतं हसणंच हाय."

"सर, माझं चुकलं. मी काढून टाकतो."

"टाक. पर हसलास त्याचं काही वाटून घेऊ नको. दिसतच होतं तसं." मग त्यांनी पंचा डोक्यावर घेतला आणि आवाज नेहमीसारखा झाला. "आता सांग. गोळीबाराची गेम का गाड्यांची?"

त्या मुलासाठी त्यांनी जोडलेलं मशीन मी पाहिलंय. आठव्या पिढीचा आय-फाइव्ह, त्याला पेलेल असं कार्ड, वीज गेली-आली तरी टिकेल असा पॉवर सप्लाय, वायरी आतून वेणी घातल्यासारख्या बांधलेल्या. दुपारभर पत्र्याखाली तापवून, तपासून दिलं. शेडमधून बाहेर गेलेलं त्यांचं ते शेवटचं चांगलं काम.

कारण पावसाळ्यापूर्वी प्लॉट विकला गेला. चार मजली इमारत येणार होती, खाली गाळे, वर क्लास. मला गाळा मिळाला. मास्तरांनाही देत होते. ते म्हणाले, "वर पोरं बसणार. नको." पत्रे उतरवले त्या दिवशी त्यांनी आपलं सामान एका टेम्पोत भरलं. भोकरच्या पोराचा कॉम्प्युटर मांडीवर घेऊन पुढं बसले आणि गावी गेले, पुनर्वसनाच्या नव्या गावात, वहिनीकडं. मी फोन करायचो. "काय करताय?" विचारलं तर म्हणायचे, "बसलोय अंगणात." फोनवर कधी कुणी प्रोसेसरचं विचारलं तर तेवढ्यापुरते जुने मास्तर व्हायचे. मग तेही बंद झालं.

दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात ते गेले. अंगणातल्या खाटेवर, सावली सरकून ऊन अंगावर आलं तरी उठले नाहीत म्हणून वहिनीनं हाक मारली, तेव्हा कळलं. मला निरोप मिळाला तोवर सगळं उरकलं होतं. मी दहाव्याच्या आत जाऊन आलो.

सरळ आखलेल्या गल्ल्यांचं गाव. वहिनी सत्तरीकडं झुकलेली, किडकिडीत बाई. अंगणातच बसलो. मी मास्तरांच्या गिऱ्हाइकांच्या गोष्टी सांगितल्या, आजा-नातवाची सांगितली. ती थोडी हसली. मग मी म्हणालो, "आण्णांचं त्यांनी फार मनाला लावून घेतलं होतं. ढिगावर उभं राहिल्याचं."

तिनं पदर नीट केला. 

"तुमाला सांगितलं हुतं का त्यानं? ओ येत हुती म्हून?"

"हो."

"ती ओ माझी हुती, भाऊ."

मला कळलं नाही असं वाटून ती पुन्हा म्हणाली, "मी देत हुते ओ. हे तर पहिल्या दणक्यातच गेले. यांचा हात माझ्या हातात हुता, उजाडायच्या आधीच गार झालता. माझ्या तोंडात माती, घसा फाटलेला. बाईचा का बाप्याचा, कळावं असा आवाजच ऱ्हायला न्हवता. ह्यो वरनं आण्णा, आण्णा करीत हुता. मला भ्या वाटलं. आण्णा गेला म्हून सांगितलं तर ह्यो रडत तसाच निघून जाईल. भावासाठी उकरतोय, भावजयीसाठी कोण उकरतंय? म्हून त्यो आण्णा म्हणला की मी ओ द्यायची. मग शुद्ध गेली माझी."

"तुम्ही त्यांना सांगितलं नाहीत?"

"लगीच न्हाई सांगितलं. लाज वाटली. मग सांगितलं. पाया पडून सांगितलं." तिचे हात मांडीवर तसेच पडले होते. "त्यो म्हणायचा, वहिनी, तू माझं वझं हलकं करायला बोलतीस. आण्णाचा आवाज मला वळकंना व्हय? अन् मलाच जेव म्हणायचा, औषध घे म्हणायचा. जलमभर सांभाळलं मला."

शेजारची बाई ताटली घेऊन आली, वहिनीला दोन घास खायचा आग्रह करू लागली. वहिनीनं तिला हातानं थांबवलं आणि माझ्याकडं पाहिलं.

"त्यानं मला भाईर काढलं, भाऊ," ती म्हणाली. "मी त्याला तितंच ठिवलं."